साळुंकीला शिकवणारा

पत्राचा गोषवारा: पत्र लिहिणाऱ्या बाई 31 वर्षांच्या आहेत आणि 8 वर्षं कविता लिहिताहेत. साठेक कवितांचा पहिला संग्रह काढायला एक प्रकाशक तयार झालाय. त्याने दोन पानांचं मनोगत मागितलंय आणि 'तुमच्यावर कोणाकोणाचा प्रभाव आहे तेही येऊ द्या' असं सुचवलंय. गाडी इथेच अडली. दीड वर्षापूर्वी एका काव्यवाचनानंतर एक ज्येष्ठ समीक्षक चारचौघांत म्हणाले होते, "या कवितेत बाई कमी आणि अमुक कवीच जास्त आहेत." तेव्हापासून आपला आवाज कोरा राहावा म्हणून त्यांनी कविता वाचणं बंद केलं. आता लिहिणंही बंद पडलंय. मनोगतासाठी त्यांनी सात कवींची यादी केली, पण त्यातले तिघे त्यांनी धड वाचलेलेही नाहीत. इतरांच्या संग्रहांत ती नावं असतात म्हणून घेतली. ज्यांनी खरोखर घडवलं त्यांची लाज वाटते: आजीच्या तोंडच्या ओव्या, रेडिओवरची भावगीतं, शाळेत असताना अधाशासारख्या वाचलेल्या रहस्यकथा. पत्राच्या शेवटी एक कबुली आहे. संग्रहातली एक ओळ कॉलेजात वाचलेल्या एका कवितेतल्या ओळीशी जवळजवळ शब्दशः जुळते, हे त्यांच्या परवा लक्षात आलं. अजून दुसऱ्या कोणाला कळलेलं नाही. सोबत दहा कविता पाठवल्यात. त्या विचारतात, "प्रभाव सांगावा की लपवावा? आणि त्यातून सुटायचं कसं?"

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या दहा कविता मी दोनदा वाचल्या. एकदा पत्र बाजूला ठेवून, एकदा पत्रासकट. कडू आधी सांगून मोकळी होते. तुमचे समीक्षक उद्धटपणे बोलले, पण खोटं बोलले नाहीत. दहापैकी चार कविता त्या कवीच्या आहेत. शब्द तुमचे, सही तुमची, चाल मात्र त्याची. सात वेळा संध्याकाळ येते आणि सातही वेळा ती कुणाच्या तरी खांद्यावर उतरते. माणसं सगळी निघून गेलेली, आणि का गेली हे विचारायची सोय नाही. कवीचं नाव मी मुद्दाम छापत नाही. जाणकार ओळखतील, ओळखू देत. त्याने याआधी पुष्कळांना झपाटलंय. त्या रांगेत काही वर्षं मीही उभी होते.

विशीत असताना मी एका नियतकालिकाला पाच कविता पाठवल्या होत्या. संपादकांचं पोस्टकार्ड आलं, त्यावर एकच वाक्य: 'कविता चांगल्या आहेत, पण आम्ही त्या पूर्वीच वाचल्या आहेत.' दोन दिवस मला त्याचा अर्थच लागेना. वाटलं, चुकून दुसऱ्यांदा पाठवल्या की काय! तिसऱ्या दिवशी डोक्यात उजेड पडला आणि मी पोस्टकार्ड फाडून टाकलं. (आता वाटतं, जपून ठेवायला हवं होतं. इतकं नेमकं परीक्षण मला पुन्हा मिळालं नाही.) म्हणून सांगते, तुम्हाला काय लागलं ते मला कळतं. त्यावर तुम्ही केलेला उपायही मी करून पाहिला होता. वर्षभर एकही कवितेचं पुस्तक उघडलं नाही. उपाय साफ फसला.

वाचणं थांबवलं की डोकं रिकामं होत नाही. आधी जे मुरलंय ते तिथेच राहतं, फक्त त्याच्याशी भांडायला नवीन कोणी येत नाही. तुम्हाला वाटलं, दार लावून घेतलं की आत आपण एकट्या उरू. पण दार लावलंत तेव्हा तो कवी आतच होता. दीड वर्ष तुम्ही त्याच्याबरोबर एका खोलीत कोंडून घेतलंत. लिहिणं बंद पडलं यात नवल ते काय?

तुमच्या पत्रात 'कोरा आवाज' हे शब्द तीनदा आलेत. असा आवाज असतो कुणाचा? आपण बोलायला शिकतो तेच दुसऱ्याचं ऐकून. मराठी कवितेने तर ही गोष्ट कधी लपवलीच नाही. 1290 साली गीतेवरची टीका पुरी करताना ज्ञानेश्वर म्हणतात, मी 'व्यासांचा मागोवा घेतु, भाष्यकारांतें वाट पुसतु' निघालोय. आणि तिथेच एक खट्याळ ओवी आहे:

राजहंसाचें चालणें । भूतळीं जालिया शाहाणें ।
आणिकें काय कोणें । चालावेंचि ना ॥

राजहंसाची चाल जगात नावाजली गेली, म्हणून इतर कुणी चालूच नये काय? नम्रता आहे, पण मान खाली घातलेली नाही. मागोवा घेत, वाट विचारत निघालेल्या या माणसाने सातशे श्लोकांच्या नऊ हजार ओव्या केल्या.

तुकोबांकडे बघा. आपण कविता का करू लागलो हे सांगताना ते थेट नाव घेतात: 'नामदेवें केलें स्वप्नामाजी जागें, सवें पांडुरंगें येऊनियां.' जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वीचा कवी स्वप्नात येतो आणि माझे राहिलेले अभंग तू पुरे कर म्हणून काम नेमून देतो. प्रभावाची इतकी उघड कबुली दुसरीकडे क्वचितच सापडेल. दुसऱ्या एका अभंगात ते म्हणतात, 'साळुंकी मंजुळ बोलतसे वाणी, शिकविता धणी वेगळाचि.' आवाज साळुंकीचा, शिकवणारा निराळाच. तिथे तो धनी देव आहे हे मला ठाऊक आहे, पण कवितेच्या बाबतीतही ही ओळ चालते असं माझं मत आहे.

मला सगळ्यात आवडतं उदाहरण जनाबाईचं. तिची नाममुद्राच बघा: 'नामयाची जनी'. ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव सहीतच, आपल्या नावाच्याही आधी. तरी जनाबाईचा अभंग नामदेवांचा म्हणून कुणी वाचतो का? 'दळितां कांडितां, तुज गाईन अनंता' या ओळीतलं जातं आणि मुसळ नामदेवांच्या हातात कधी नव्हतं. विठ्ठल तिने नामदेवांकडून घेतला आणि आपल्या कामाला लावला. शेणी वेचायला, दळायला. तुमच्या त्या चार कविता फसतात त्या इथे. कवीकडून तुम्ही संध्याकाळ घेतलीत, पण तिला तुमच्या घरातलं एकही काम सांगितलं नाहीत.

आपल्याला या गोष्टीची लाज केव्हापासून वाटायला लागली? 'माझं सगळं माझंच असलं पाहिजे' ही चिंता मराठीत तशी अलीकडची. आणि गंमत म्हणजे, स्वतंत्र प्रतिभेची ही कल्पनाही पुष्कळशी इंग्रजी कवी वाचूनच इकडे आली. केशवसुतांनी (1866–1905) तिकडचे स्वच्छंदतावादी (रोमँटिक) कवी वाचले, सॉनेट ही चौदा ओळींची कविता मराठीत आणली, आणि त्यांनाच आपण आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणतो. म्हणजे मूळपुरुषही उसनवारीवरच उभा.

आता मर्ढेकरांचं थोडं सविस्तर, कारण तुमच्या दुखण्यावर औषध तिथे सापडेल. 'शिशिरागम' हा त्यांचा पहिला संग्रह 1939 चा. तो उघडा आणि वरचं नाव झाकून वाचा. हळवा, नादमधुर, त्या काळातल्या प्रेमकवितेच्या वळणाचा. बालकवी आणि रविकिरण मंडळ या गटातले कवी पानोपानी ऐकू येतात. तिथेच थांबले असते तर आज कुणी त्यांचं नाव काढलं नसतं. मग 1947 मध्ये 'काही कविता' आलं आणि मराठी कविता हादरली. मधल्या आठ वर्षांत त्यांनी वाचन बंद केलं नव्हतं, उलट पसरवलं होतं. एका हाताला इंग्रजी कवी टी. एस. एलिअटसारखे पाश्चात्त्य आधुनिक, दुसऱ्या हाताला तुकाराम-रामदास. यंत्रयुगातल्या माणसाची दैना सांगायला त्यांनी घेतले ते ओवी-अभंगाचे छंद. 'जे का रंजले गांजले' हा अभंग तोंडपाठ असलेल्या वाचकापुढे त्यांनी 'जे न जन्मले वा मेले' अशी ओळ ठेवली. तुकोबांचा साधू गेला आणि त्याच्या जागी मुत्सद्दी येऊन बसला. अभंगाचा साचा तसाच आहे, म्हणूनच आतला माणूस बदलल्याचा धक्का बसतो. मर्ढेकरांवरचा प्रभाव कमी झाला नाही. वाढला. फक्त तो एकमेकांशी अजिबात न पटणाऱ्या दोन ठिकाणांहून यायला लागला, आणि त्या दोघांच्या भांडणात मर्ढेकरांना स्वतःसाठी जागा मिळाली.

याच एलिअटने 1920 साली एका जुन्या इंग्रजी नाटककारावर लेख लिहिला. त्यातलं एक वाक्य फार वापरलं जातं: कच्चे कवी नक्कल करतात, पक्के कवी चोरतात. चोरीचं समर्थन म्हणून लोक ते फेकतात आणि पुढचं वाचत नाहीत. पुढे तो म्हणतो, वाईट कवी घेतलेल्या वस्तूची नासाडी करतो. चांगला कवी तिचं काहीतरी अधिक चांगलं करतो, निदान वेगळं तरी करतो. आणि चांगला कवी बहुधा उचलतो तो काळाने लांबच्या, परक्या भाषेतल्या किंवा निराळ्याच गोष्टींत रमलेल्या लेखकांकडून. हे त्याने स्वतः केलं होतं. विद्यार्थी असताना 1908 मध्ये त्याच्या हाती फ्रेंच प्रतीकवादी कवींवरचं एक पुस्तक लागलं, त्यातून लाफोर्ग हा कवी सापडला. पुढे त्याने लिहून ठेवलंय की, स्वतःचा आवाज कसा वापरायचा हे शिकवणारी कविता त्याला इंग्रजीत मिळालीच नाही, ती फ्रेंचमध्ये मिळाली. स्वतःचा आवाज वापरायला दुसऱ्याने शिकवलं, असं तो सरळ म्हणतो. तुम्ही नेमका उलटा प्रकार केलात. काळाने जवळचा, आपल्याच भाषेतला, आपल्याच स्वभावाचा कवी घेतलात आणि तोही एकटाच. जवळच्याची उसनवारी लगेच दिसते.

तेव्हा माझा पहिला सल्ला: या आठवड्यात वाचायला लागा. आणि एका वेळी एक कवी वाचू नका. दोन घ्या, एकमेकांच्या तोंडाकडे न बघणारे. इंदिरा संत आणि नामदेव ढसाळ एकाच आठवड्यात वाचा. सकाळी 'शेला', रात्री 'गोलपिठा'. डोकं गरगरेल, गरगरू दे. विंदा करंदीकरांनी तर एका कवितेत तुकोबा आणि शेक्सपिअरची गाठच घालून दिली आहे, आणि प्रत्यक्षातही त्यांनी एकीकडे 'राजा लिअर' मराठीत आणलं, दुसरीकडे ज्ञानेश्वरांच्या 'अमृतानुभवा'चं अर्वाचीनीकरण केलं. इंदिरा संतांचं नाव मी उगीच घेतलं नाही. तुमच्या सात नावांच्या यादीत एकही बाई नाही, हे तुमच्या लक्षात आलंय का? मी दोष देत नाही, माझीही पहिली यादी तशीच होती. पण ज्या यादीत जनाबाई नाही, बहिणाबाई चौधरी नाहीत, इंदिरा संत नाहीत, ती यादी तुम्ही केलीत की दुसऱ्या कुणाच्या खिशातून उचललीत, एवढं स्वतःला विचारा.

ज्या कवीने झपाटलंय त्याला सोडून पळू नका. त्याच्या मागे जा. त्याने काय वाचलं होतं ते शोधा. बोरकरांची सुरुवातीची कविता ऐकताना तांबे ऐकू येतात. पाडगावकरांच्या 'धारानृत्य'मध्ये (1950) बोरकर ऐकू येतात. फक्त पाडगावकर वाचून लिहिणारा त्यांची लकब उचलतो. तिथून बोरकर, मग तांबे असा मागे चालत गेलेला माणूस लकब कुठून येते ते बघतो, आणि प्रत्येक टप्प्यावर काय टाकलं गेलं तेही बघतो. टाकलेलंच बघण्यासारखं असतं. आपल्या दैवताने काय सोडून दिलं हे दिसलं की, आपणही त्याचं काही सोडू शकतो हे सुचतं.

दुसरा उद्योग जरा पोरकट वाटेल. त्या कवीचं विडंबन लिहा. गंभीरपणे सांगते आहे. अत्रे 'केशवकुमार' या नावाने विडंबनं लिहीत, 'झेंडूची फुले' हा त्यांचा संग्रह 1925 मध्ये आला आणि रविकिरण मंडळाच्या लकबींची अशी काही भंबेरी उडाली की त्या लकबी पुन्हा निरागसपणे वापरणं अवघड झालं. विडंबन लिहायचं तर कवीची यंत्रणा खोलून बघावी लागते. कोणता शब्द किती ओळींनी परत येतो, क्रियापद कुठे गाळलंय, वाक्य अर्धवट का सोडलंय. एकदा हसून झालं की भूत उतरतं. पूर्ण उतरत नाही, पण मानगुटीवरून शेजारच्या खुर्चीवर येतं. तिथे ते असायला माझी हरकत नाही.

हसणं जमत नसेल तर अनुवाद करा. दुसऱ्या कोणत्याही भाषेतली कविता, हिंदीतली असली तरी चालेल. दिलीप चित्रे आणि अरुण कोलटकर हे दोघेही कवी तुकोबांना इंग्रजीत नेण्याच्या खटपटीत होते. अनुवाद करताना आपल्या आवडत्या शब्दांची रसद तुटते. मूळ कवितेत संध्याकाळ नसेल तर तुम्हाला ती घालता येत नाही. तुम्हाला सध्या नेमकी एवढीच सक्ती हवी आहे.

कोलटकरांचं नाव निघालंच आहे तर तुमच्या लाजेकडे वळू. आवडते कवी-लेखक कोण, असं त्यांना एकदा मुलाखतीत विचारलं होतं. उत्तरादाखल त्यांनी जी यादी दिली ती वाचताना दम लागतो. ज्ञानेश्वर, नामदेव, जनाबाई, एकनाथ, तुकाराम आहेत. व्हिटमन, एलिअट, मर्ढेकर, मनमोहन आहेत. चिनी कवी तु फू आहे आणि त्याच यादीत लावणीकार रामजोशी, होनाजी, पठ्ठे बापूराव आहेत. चक्रधर आहेत, गोडसे भटजी आहेत. काफ्का आहे आणि अगाथा ख्रिस्तीही आहे. बहिणाबाई चौधरी, कबीर, बॉब डिलन, ब्लूज गाणारा मडी वॉटर्स, सिनेमावाला कुरोसावा आणि शेवटी कोण? लॉरेल आणि हार्डी. हसण्यावारी नेऊ नका. कोलटकरांचा 'जेजुरी' (1976) हा कवितासंग्रह वाचा आणि सांगा, त्यातला तो कोरडा, वेळ साधून मारलेला विनोद केवळ काव्यग्रंथ वाचून येईल का?

तुमच्या रहस्यकथांची लाज कसली वाटते मग? आणि ओव्यांची? ज्ञानेश्वरीचा छंद ओवीच आहे. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांचं विद्यापीठ म्हणजे ऐकलेल्या ओव्या आणि हातातलं काम. 1952 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, त्यांच्या कविता पुस्तकरूपाने आल्या आणि भलेभले वाचत बसले. 'प्रभाव टाकणारे लेखक' म्हटलं की आपण पुस्तकांचं कपाट डोळ्यांसमोर आणतो. कान मात्र कपाटाच्या आधीपासून उघडे असतात.

आता तुमच्या नवव्या कवितेबद्दल. वडिलांच्या कानातल्या श्रवणयंत्राची. पहिल्याच ओळीत घरात कुठेतरी बारीक शिट्टी वाजते. आई कुकर बघते, भाऊ फोन बघतो, तुम्ही खिडकी लावून घेता. शिट्टी कसली हे शेवटच्या कडव्यापर्यंत सांगत नाही तुम्ही. यंत्र नीट बसलेलं नाही, म्हणून ते वाजतंय, आणि सगळ्या घराला ऐकू येणारा तो आवाज फक्त ज्याच्या कानात तो वाजतोय त्यालाच ऐकू येत नाही. अंगावर काटा आला माझ्या. धागा आधी पेरायचा, सगळ्यांना चुकीच्या दिशेने पाठवायचं आणि उलगडा शेवटी, हे तुम्हाला कुठल्या महाकवीने शिकवलं? रहस्यकथांनी. आणि शेवटची ओळ बाकीच्यांहून आखूड, यमक न जुळवता तशीच सोडलेली. तो ओवीचा चौथा चरण आहे. तीन चरणांत यमक आणि चौथा तोकडा, पाय आवरून घेतल्यासारखा. आजी बसली आहे त्या ओळीत. या कवितेत संध्याकाळ नाही, खांदा नाही, तो कवीही नाही. ज्यांची तुम्हाला लाज वाटते ती दोन माणसं मात्र आहेत, आणि तरीही कविता तुमची आहे. तुमच्या समीक्षकांनी ही ऐकली होती का? मला शंका आहे. काव्यवाचनाला आपण सहसा 'कवितेसारख्या' कविता नेतो.

राहता राहिली ती जुळणारी ओळ. ती कबुली तुम्ही पत्राच्या तळाशी, ताजा कलम म्हणून लिहिलीत, त्यावरून तुम्हाला उत्तर माहीत आहे असं मला वाटतं. अशा ओळी सगळ्यांकडून निघतात. कधीतरी वाचलेलं विसरलं जातं आणि दहा वर्षांनी 'सुचतं'. तो गुन्हा नाही. कळल्यावर गप्प बसणं मात्र मला पटत नाही. मी एक साधी कसोटी वापरते. वाचकाने मूळ ओळ ओळखली तर कवितेला बळ येतं की कविता कोसळते? मर्ढेकरांच्या वाचकाला मूळ अभंग आठवला नाही तर मर्ढेकरांचंच नुकसान आहे. ते उघड्यावरचं घेणं आहे. तुमच्या ओळीचा सगळा डोलारा कुणाच्या लक्षात येऊ नये यावरच उभा आहे. तेव्हा ती काढा. ओळ नेली की कविता पडत असेल तर कविताही जाऊ द्या, साठातली एक गेल्याने संग्रह बारीक होत नाही. ती ओळ अगदी सोडवतच नसेल तर अवतरणचिन्हांत ठेवा आणि खाली मूळ कवीचं नाव द्या. मूळ कविता अजून स्वामित्वहक्कात असेल तर प्रकाशकाला आधी सांगा. आपल्याकडे तो हक्क कवीच्या मृत्यूनंतर 60 वर्षं चालतो. एका ओळीवरून कोर्टकचेरी होईल असं नाही, पण छापून झाल्यावर प्रकाशकाला दुसऱ्याकडून कळणं वाईट.

मनोगताचं काय करायचं? सात नावांची ती यादी फाडा. न वाचलेल्या कवीचं ऋण मान्य करणं म्हणजे न घेतलेलं कर्ज फेडायला निघणं, आणि पहिल्याच मुलाखतीत कुणीतरी त्यावर प्रश्न विचारेल. तुमच्यासारख्या पहिला संग्रह काढणाऱ्या बऱ्याच जणांची मनोगतं मी वाचते. त्यातले प्रभाव आभारप्रदर्शनासारखे असतात, कोणी राहून जाऊ नये या धास्तीने लिहिलेले. वाचकाला त्यातून काही मिळत नाही. नावापुढे काय शिकलात ते एका वाक्यात लिहिता येत असेल तरच नाव ठेवा. 'आजीच्या ओवीत शेवटचा चरण आखूड असायचा, तिथे ती श्वास घ्यायची. मीही तिथे श्वास घेते.' हे झालं एक वाक्य. भावगीतात प्रत्येक अंतऱ्यानंतर ध्रुवपद तेच येतं पण दर वेळी अर्थ थोडा सरकलेला असतो, हे तुमच्या तिसऱ्या कवितेत तुम्ही केलंय. ते झालं दुसरं. आणि त्या झपाटणाऱ्या कवीचं नावही लिहा, लपवू नका. 'पहिली काही वर्षं मी यांच्याच संध्याकाळीत राहत होते' एवढं म्हणा. तुम्ही आधीच सांगितलंत की समीक्षकाला शोध लावल्याचा आनंद उरत नाही. हा जरा दुष्ट फायदा आहे, पण घ्या.

त्या चार कवितांपैकी दोन ठेवाव्यात असं मला वाटतं, पाचवी आणि आठवी. तुम्ही कुठून आलात ते दिसायला हवं, आणि 'शिशिरागम' मर्ढेकरांनीही जाळून टाकला नव्हता. उरलेल्या दोन वहीत राहू देत. प्रकाशकाने दोन पानं सांगितली असली तरी मनोगत एका पानात संपवा. नववी कविता संग्रहात कितवी आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. माझं ऐकाल तर ती पहिली ठेवा.

मनोगत मला तपासायला पाठवू नका, प्रकाशकालाच द्या. मला दुसरंच एक कळवा. ती कविता तुम्ही वडिलांना वाचून दाखवलीत का? यंत्र नीट बसवून?